व्याज घटले, तरी गोळी घटवू नका

एका आजोबांचा रक्तदाब अकस्मात वाढलेला आढळला. पुनःपुन्हा विचारल्यावर ते संकोचून म्हणाले, "डॉक्टर, व्याज पूर्वीसारखं येत नाही. गोळी एक दिवसाआड घेतो."

त्यांची पुंजी पीपीएफमध्ये होती. १९९९ साली या करमुक्त खात्यावर १२ टक्के व्याज मिळे. एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्क्यांवर आला. मुद्दलास सरकारचे पाठबळ आहे. दर कायम राहण्याची हमी मात्र नाही. त्याचा आढावा दर तिमाहीस होतो आणि बदल जुन्या शिलकेलाही लागू होतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवतेवेळचा दर पाच वर्षे टिकतो व व्याज दर तिमाहीस हाती येते. परंतु ते करपात्र असते. दोन्हींचा हिशेब घरच्यांसह मांडावा.

औषध मात्र परस्पर कमी करू नये. खर्च झेपत नसल्यास डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. अनेक औषधांचे स्वस्त जेनेरिक पर्याय जनऔषधी केंद्रांत मिळतात. आणि घरच्यांनो, महिनाअखेरीस गोळ्यांची पाकिटे जरूर पाहा. उरलेल्या गोळ्या पुष्कळदा न बोललेली चिंता सांगून जातात.