ग्वाल्हेरला दहापैकी किती?



गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो एका सल्लागार कंपनीत आहे. "आत्या, एक फॉर्म पाठवलाय. ग्वाल्हेरची नवोन्मेष क्षमता मोजायची आहे. तू जन्मभर संख्याशास्त्र शिकवलंस, गाव ओळखतेस, तूच भरून दे."

नवोन्मेष! हा शब्द मला जरा सोवळ्यातलाच वाटतो. आमच्या घरी याला 'अण्णांचं डोकं चाललं' एवढंच म्हणत. असो. फॉर्म पाच पानी होता. जिल्ह्यातून पेटंटचे अर्ज किती गेले? पीएचडी झालेले किती? स्टार्टअप किती नोंदले? इन्क्युबेशन सेंटर आहे का? गुंतवणुकीचे करार किती रकमेचे? आणि शेवटी एक चौकट: ग्वाल्हेरला दहापैकी गुण द्या.

हे खूळ एकट्या भाच्याचं नाही बरं का. आपल्या नीति आयोगाने 2019 साली राज्यांचा असा निर्देशांक काढायला सुरुवात केली. 2022 मध्ये तिसरी आवृत्ती आली, तिच्यात 66 गोष्टी मोजल्या आहेत: शिक्षण, गुंतवणूक, ज्ञानावर पोट असलेले लोक, धंद्याचं वातावरण, कायदा-सुव्यवस्था, आणि या सगळ्यातून हाती काय लागलं. मोठ्या राज्यांत तिन्ही वेळा कर्नाटक पहिलं. जागतिक यादीतही भारत 2015 साली 81वा होता, तो 2024 मध्ये 39वा झाला. आनंदच आहे. पण पहिल्या यादीत मोजणीचं माप राज्य आहे, दुसरीत देश. इंदूरच्या आयटी कंपन्या आणि चंबळच्या घळी यांची मिळून एक सरासरी निघते, आणि त्या सरासरीत ग्वाल्हेर कुठे आहे ते दिसत नाही. सरासरी चार फूट खोल नदीत माणूस बुडू शकतो, हे मी दर जुलैत वर्गात सांगत असे.

पेटंटच्या चौकटीपाशी मी अडले. पेटंट मोजतात ते अर्जदाराच्या पत्त्यावरून. इथल्या मुलाने बंगळुरूच्या कंपनीत राहून काही शोधलं तर तो आकडा कर्नाटकाचा. एखादी संस्था इथे आणि तिचं मुख्यालय दिल्लीला असेल तर पत्ता लागतो दिल्लीचा. मग ग्वाल्हेरच्या चौकटीत काय उरतं?

एक उदाहरण सांगते, आपल्याच गावातलं. 1947 साली जिवाजीराव महाराजांनी इथे 'जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी' स्थापन केली. काळ बघा: संस्थान विलीन व्हायच्या बेतात, आणि राजाला उद्योगांसाठी प्रयोगशाळा सुचते आहे. तेव्हा बिर्लानगरात 1921 पासून जियाजीराव कॉटन मिल धडधडत होती, ग्वाल्हेर पॉटरीजच्या कपबश्या घरोघरी होत्या, आणि त्याच 1947 मध्ये ग्वालियर रेयॉन कंपनीही स्थापन झाली. पुढे ग्वालियर सूटिंगच्या जाहिरातीत पतौडी आणि शर्मिला झळकले, ते आपल्या पिढीला आठवत असेलच. म्हणजे गिरणी, कारखाना आणि प्रयोगशाळा, तिन्ही एका गावात, टांग्याच्या अंतरावर. आज ज्याला 'क्लस्टर' म्हणून वाखाणतात ते हेच की!

साठच्या दशकात ती प्रयोगशाळा संरक्षण खात्याकडे गेली आणि 1973 मध्ये तिची डीआरडीई झाली. रासायनिक आणि जैविक शस्त्रांपासून सैनिकाचं रक्षण हा तिचा विषय. तिचं काम मोठं आहे, त्याबद्दल शंका नाही. डासांना पळवणारं 'डेपा' हे औषध तिचं. बायो-डायजेस्टरही तिथलाच. उंच बर्फात मैल्याचं करायचं काय, हा सैन्यापुढचा प्रश्न होता. थंडीत तग धरणारे जिवाणू वापरून तिने तो सोडवला, आणि पुढे तीच युक्ती रेल्वेच्या डब्यांखाली बसली. पुढच्या वेळी पंजाब मेलने मुंबईला जाल तेव्हा लक्षात असू द्या, डब्याखालची ती टाकी ग्वाल्हेरच्या डोक्यातून निघाली आहे. मी आमच्या मंडळात विचारलं, बावीस जणांपैकी दोघांना माहीत होतं, आणि त्यातले एक तिथूनच निवृत्त झालेले!

पण गावातल्या गिरणीचा प्रश्न तेवढ्याच सहज विचारता यावा अशी ती जागा राहिली नाही. आणि नव्वदच्या दशकात गिरणीही बंद पडली.

आता अण्णा. माझे वडील बिर्लानगरच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. पदवी नव्हती. पण पाण्याची त्यांना नाडीपरीक्षा होती. आपल्याकडचं पाणी जड. त्यातही पावसाळ्यातलं वेगळं, मे महिन्यातलं वेगळं, विहिरीचं आणखी वेगळं. रंगाची मात्रा तीच ठेवली तरी उन्हाळ्यात निळा मळकट उतरे. अण्णांनी महिन्यागणिक सोडा किती वाढवायचा, पाणी किती तापवायचं, कापड किती वेळ फिरवायचं याची एक वही केली होती. प्रत्येक पानावर कापडाचा बोटभर तुकडा चिकटवलेला, खाली मोडीमिश्रित मराठीत टिपण. गिरणीतले पोरसवदा मदतनीस तीच वही बघून शिकत.

याला नवोन्मेष म्हणायचं का? देशोदेशीचे संख्याशास्त्रज्ञ ज्या पुस्तकावरून मोजतात त्या ओस्लो मॅन्युअलचं उत्तर 'हो' असं आहे. 1992 मध्ये ते पहिल्यांदा निघालं, 2018 मध्ये चौथी आवृत्ती आली. वस्तू किंवा कामाची पद्धत आधीच्यापेक्षा लक्षणीय सुधारलेली हवी, आणि ती प्रत्यक्ष वापरात आलेली हवी. जगात पहिली असण्याची अट नाही, त्या कारखान्याला नवी असली तरी पुरे. म्हणूनच युरोपात प्रांतांची मोजणी करताना पेटंटखेरीज असंही पाहतात की तिथल्या लहान उद्योगांनी नवं काय केलं, आणि ते करताना कुणाशी हात मिळवला. भाच्याच्या फॉर्ममध्ये नेमका हाच प्रश्न नाही.

बाहेरून आलेली युक्तीही इथे मुरू शकते. तिघरा धरण पाहिलंय ना? विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारे पुराचे दरवाजे 1903 साली खडकवासल्याला बसवले. तेच पुढे आपल्या तिघऱ्याला आले. पुण्याची युक्ती, ग्वाल्हेरचं पाणी! आणि 1918 मध्ये माधवराव महाराजांच्या आश्रयाने पंडित भातखंड्यांनी इथे संगीत विद्यालय उभारलं. घराण्याच्या तालमीबाहेर सहसा न जाणाऱ्या चिजा स्वरलिपीत उतरल्या, आणि परक्या घरच्या मुलांनाही शिकता आल्या. तेव्हा किती बुजुर्गांनी नाकं मुरडली असतील! पण लिहिलं म्हणून राहिलं.

मेळ्याचं मात्र वाईट वाटतं. 1905 पासूनचा आपला मेळा. लहानपणी मी तिथे अण्णांच्या खांद्यावर बसून नवी यंत्रं पाहिली आहेत. आता जानेवारीत लोक जातात ते रोड टॅक्समध्ये सवलत मिळते म्हणून गाडी घ्यायला. घ्या बापडे. पण त्याच आवारात चार मांडव असे असावेत की जिथे माल नाही, अडचण मांडायची. गजकवाला सांगेल, हवा लागली की गजक मऊ पडते, दूर पाठवायची कशी? घाटीगावकडचा दगडवाला सांगेल, कापताना उडणाऱ्या धुळीने माणसांच्या छात्या जातात, तिचं काय करू? गालिचेवाला सांगेल, लोकर रंगवताना एका लॉटचा लाल दुसऱ्याशी जुळत नाही. आपल्या गावात इंजिनिअरिंगची जुनी कॉलेजं आहेत, शेतकी विद्यापीठ आहे. शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी इंटरनेट धुंडाळतात आणि एकमेकांची फाईल उतरवतात. मी परीक्षक म्हणून गेले आहे, सांगते ते बघितलेलं. त्यांना हे प्रश्न द्या. पुढच्या मेळ्यात उत्तर घेऊन या म्हणावं. मग मोजायचं ते एवढंच की किती प्रश्न आले, किती सुटले, आणि सुटलेले किती जण वापरतात.

गालिच्यांची गोष्ट लिहिताना हात थबकला. सूत वेगळं, लोकर वेगळी, रंगही वेगळे, पण पाणी तेच. अण्णांची वही आज हवी होती.

ती नाही. क्वार्टर सोडून लष्करात राहायला आलो तेव्हा सामान आवरायचं काम माझ्याकडे होतं. वह्यांचा गठ्ठा मी रद्दीवाल्याला दिला. अण्णांनी नंतर एकदाच विचारलं, निळ्या पुठ्ठ्याची दिसत नाही. मी म्हटलं, असेल कुठेतरी. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कॉलेजात मुलांना 'मूळ नोंदी जपा' म्हणून बजावणारी बाई मीच.

शेवटच्या चौकटीत मी काहीच लिहिलं नव्हतं. भाचा म्हणाला, "आत्या, रिकामं चालत नाही, कॉम्प्युटर फॉर्म घेत नाही." मग चार लिहिले. नापास करायला हात होईना. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "अण्णांच्या वहीत काय काय होतं, तुला आठवतं?" मला दोन पानंसुद्धा आठवली नाहीत. पण त्यांच्या हाताखाली शिकलेले एक चाचा हजिऱ्याला राहतात, ते आठवले. चौऱ्याऐंशीचे आहेत. नंबर मिळवायला तीन दिवस लागले. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "मास्टरजी की बिटिया?" मग मी न विचारताच मे महिन्याच्या निळ्याचं माप सांगायला लागले. मी म्हटलं, थांबा चाचा, कागद-पेन्सिल घेऊन मीच येते, उद्या सकाळी.

"सुबह मत आना बिटिया," ते म्हणाले, "सुबह पानी भरना होता है. चार बजे आओ."