नकाशावर नसलेल्या वस्त्या

माणूस उभा आहे ती जागा पाहून बदलणारी गोष्ट आता मोबाईल सांगतो. ‘पोकेमॉन गो’ हा या प्रकारातला सर्वात गाजलेला खेळ जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत आला. खेळणारा जसा चालेल तसा खेळ पुढे सरकतो. परिसरातले पुतळे, भित्तिचित्रे, चर्च हे त्यातले थांबे. तेथे पोचणाऱ्याला खेळाचे साहित्य फुकट मिळते. जवळ थांबा नसेल तर लांब चाला, नाहीतर पैसे मोजा.

हे थांबे ठरवले कोणी? नियांटिक कंपनीने आपल्या ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळातल्या जागा येथे वापरल्या. त्यातल्या असंख्य जागा त्या खेळाच्या खेळाडूंनीच सुचवलेल्या होत्या. ते जेथे राहिले, फिरले, तेथल्या खुणा नोंदल्या गेल्या. अर्बन इन्स्टिट्यूटने वॉशिंग्टन शहरात मोजणी केली, तेव्हा गोऱ्या बहुसंख्येच्या वस्त्यांत सरासरी ५५ जागा निघाल्या आणि कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या वस्त्यांत अवघ्या १९. कोणाला वगळा, असा हुकूम काढण्याची गरजच पडली नाही. जमिनीवरची विषमता आपोआप नकाशात उतरली.

कृष्णवर्णीय लेखक ओमारी अकिल यांनी तर त्याच महिन्यात इशारा दिला, की फोन हातात धरून रस्त्यावर घुटमळणारा काळा माणूस संशयित ठरतो आणि हा खेळ त्याच्या जिवावर बेतू शकतो.

२०१९ मध्ये ४० व्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च पातळीवरच्या खेळाडूंना नव्या जागा सुचवण्याची मुभा मिळाली. पण ज्याच्या वस्तीत थांबाच नाही, तो ती पातळी गाठणार कधी? संधी नाही म्हणून पात्रता नाही आणि पात्रता नाही म्हणून संधी नाही, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

आपल्याकडे काय झाले? सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात याचिका गेली ती मंदिरांच्या जागी खेळात अंडी दिसतात, भावना दुखावतात म्हणून! डिसेंबरमध्ये खेळ अधिकृतपणे आला तेव्हा रिलायन्सची दुकाने थांबे झाली. देवळाला वकील मिळाला, भांडवलदाराला नकाशा मिळाला. वस्तीचे काय?

गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना नकाशाचे राजकारण शिकवावे लागत नाही. अशा कथा उद्या शाळांत, संग्रहालयांत आणि पर्यटनात येतील. तेव्हा आपला विहार, आपले वाचनालय, आपल्या लढ्याची जागा त्यात आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारले पाहिजे. नोंद करणाऱ्यांत आपण नसू, तर कथेतही नसू.