दोष कोणाच्या रक्ताचा?

पौड सोडले की रस्ता मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी घाटाकडे निघतो. पावसाळ्यात पुण्याची मंडळी धबधबे पाहायला याच वाटेने जातात. पुढचा कोकणात उतरणारा घाट ज्याने एकदा गाडी चालवत उतरला आहे, त्याला ब्रेकची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आपल्या शरीरातही असे ब्रेक असतात. पेशींची वाढ वेळीच थांबवणारी काही जनुके हे काम करतात. ती निकामी झाली की पेशी भरमसाट वाढू लागतात आणि कॅन्सरची गाठ धरते.

हा आजार घरात शिरला की औषधाच्याही आधी एक प्रश्न येतो: 'हे आलं कोणाकडून?' मुळशीतली वाडी असो की कोथरूडचा फ्लॅट, बोट बहुधा सुनेच्या माहेराकडे वळते. 'आमच्या घराण्यात नाही हो असलं काही,' असे सासूबाई म्हणतात आणि सूनबाई आपल्या मावशीचे दुखणे मनातच ठेवते. मुलीचे लग्न ठरेपर्यंत तर अशा आजाराचे नावही काढायचे नसते.

मुळात सर्व कॅन्सरपैकी सुमारे ५ ते १० टक्केच आनुवंशिक दोषामुळे होतात. पण जेथे आईवडिलांच्या वारशाचा प्रश्न येतो, तेथे निसर्गाचा हिशेब आपल्या समजुतीपेक्षा फार निराळा आहे.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यातील कॅन्सरचा अभ्यास करून दाखवले, की दोन्ही प्रती बिघडल्या तरच गाठ होते. एक ब्रेक गेला तरी दुसरा गाडी धरून ठेवतो.

मात्र काही थोड्या जनुकांना ही सोय नाही. १९८४ साली केंब्रिजला अझीम सुरानी यांनी आणि फिलाडेल्फियात सोल्टर व मॅग्रा यांनी उंदरांवर प्रयोग केले. केवळ आईच्या किंवा केवळ वडिलांच्या गुणसूत्रांवर गर्भ वाढवून पाहिला. दोन्ही वेळा तो जगला नाही. कारण काही जनुकांवर आई आपला ठसा उमटवते, तर काहींवर वडील. हा ठसा म्हणजे बहुधा मिथाइल नावाची बारीकशी रासायनिक खूण. तिने जनुकातले अक्षरही बदलत नाही, फक्त ती प्रत मुकी होते. अशा जनुकाचा एक ब्रेक जन्मापासूनच बंद असतो. उरलेला गेला की संपले. येथे एकच घाव पुरतो.

लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणारी विल्म्सची गाठ हे याचे ठळक उदाहरण. अकराव्या गुणसूत्रावर वाढीला जोर देणारे एक जनुक आहे. त्याची फक्त वडिलांकडची प्रत चालू असते. त्याच्या शेजारी वाढ आवरणारी जनुके आहेत. त्यांची आईकडची प्रत काम करते. या गाठीत जो भाग हरवतो तो बहुधा आईकडचा असतो, आणि काही गाठींत ठसाच पुसला गेल्याचे १९९३ साली आढळले. म्हणजे आईने बाळाला आजार दिलेला नसतो; तिने दिला होता तो ब्रेक. बाळाला न्हाऊ घालताना पोटात घट्ट गोळा लागला, तर 'नजर लागली' म्हणत न थांबता डॉक्टर गाठावा. वेळेवर उपचार झाले तर यातली बहुतेक मुले बरी होतात.

उलट बाजूही आहे. स्तनाच्या व बीजकोशाच्या अनेक कॅन्सरमध्ये बंद पडणारे एक जनुक १९९९ साली सापडले. त्याची चालते ती फक्त वडिलांकडची प्रत. मानेत गाठी करणारा एक आनुवंशिक दोष असा, की तो आईकडून आला तर मूल बहुतेक वेळा निरोगी राहते. पण तोच मुलगा बाप झाला की त्याच्या लेकराला धोका असतो. कारण प्रत्येक पिढीत जुना ठसा पुसून नवा उमटतो. आजीची गोष्ट नातवंडांत उमटते ती अशी, मधली पिढी वगळून. तेथे केवळ घराण्याचा इतिहास सांगून भागत नाही, आजोळचाही लागतो.

अशीच खूण जन्मानंतरही पडू शकते. तोंडाच्या अनेक कॅन्सरमध्ये 'पी-१६' हे ब्रेकचे जनुक मिथाइलने मुके झालेले आढळते. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी त्याच दशकात तोंडाचा कॅन्सर आणि तंबाखू यांच्या नात्याकडे लक्ष वेधले होते. तरीही खेड्यापाड्यांतल्या आयाबायांच्या हाती मिश्रीची डबी आहेच. आईबापांचा ठसा आपल्या हाती नाही. डबी मात्र आहे.

अक्षर न बदलता पडलेली खूण पुसताही येऊ शकते, ही यातली आशेची बाजू. रक्ताच्या एका विकारावर मिथाइलच्या खुणा कमी करणारे औषध अमेरिकेत २००४ पासून मान्य आहे. गाठींच्या कॅन्सरसाठी तो पल्ला अजून लांब आहे.

तोवर आपल्याला करता येण्याजोगे एक काम आहे. सणासुदीला सगळे जमतात, तेव्हा एका वहीत दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या लिहून काढाव्यात: कोणाला कोणता आजार झाला आणि कितव्या वर्षी. आत्याचा लिहावा, तसाच मावशीचाही. डॉक्टरांना ती वही उपयोगी पडेल. पण सूनबाईने मोकळेपणाने सांगावे असे वाटत असेल, तर पहिले नाव सासूबाईंनी स्वतःच्या माहेरचे सांगावे.