मेमरी कार्ड ओढून काढू नका!

भाच्याच्या मुंजीचे फोटो आजीला टीव्हीवर दाखवायचे म्हणून मी ते लॅपटॉपवरून मेमरी कार्डावर घेतले. पडद्यावरची पट्टी भरली आणि मी लगेच कार्ड ओढून काढलं. टीव्हीला लावलं तर शेवटचे काही फोटो उघडेचनात. ‘कार्डच खराब,’ असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. खरं तर चूक माझ्या घाईची होती.

मेमरी कार्ड म्हणजे नुसती डबी नव्हे. 1999 मध्ये सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा यांनी आणलेल्या एसडी कार्डात एक छोटा कंट्रोलर असतो. त्याला आज्ञा कळतात त्या क्रमांकांनी. 0 म्हणजे ‘पहिल्यापासून सुरू कर’, 17 म्हणजे ‘एक तुकडा वाचून दे’, 24 म्हणजे ‘एक तुकडा लिहून घे’, 13 म्हणजे ‘तुझी स्थिती सांग’. एक तुकडा साधारणपणे 512 बाइटचा.

या आज्ञा देतो तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. ॲप फक्त म्हणतं, ‘हा फोटो ठेव.’ माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्याचा कर्नल फोटो आधी रॅममध्ये घेतो, ॲपला ‘झालं’ सांगतो आणि मग सवडीने कार्डाला लिहायला लावतो. पट्टी भरली तेव्हा माझे काही फोटो कार्डापर्यंत पोचलेच नव्हते! ‘इजेक्ट’ दाबलं की कर्नल राहिलेलं सगळं लिहून घेतो आणि मगच कार्ड सोडतो.

कार्डाला अशी आज्ञा थेट देता येते का? लिनक्समध्ये येते. 2011 पासून कर्नलमध्ये तशी सोय आहे, मात्र ती ॲडमिनचे हक्क असलेल्यालाच वापरता येते. कार्डाची स्थिती तपासायला ती उपयोगी पडते, पण तिथे फाइलींची नावं चालत नाहीत, फक्त तुकड्यांचे क्रमांक चालतात. ‘अमुक ते तमुक पुसून टाक’ अशी 38 क्रमांकाची आज्ञा गेली, की त्या तुकड्यांत मुंज होती की विजेचं बिल, हे कार्ड विचारत बसत नाही. त्यामुळे कुठेतरी वाचलेली अशी आज्ञा नीट समजल्याशिवाय चालवू नका.

कार्डाच्या कडेच्या ‘लॉक’च्या कळीवरही फार विसंबू नका. ती कळ कुठे आहे हे कार्डाला स्वतःला कळत नाही. ते बघायचं काम कार्ड ज्या खाचेत घालतो त्या यंत्राचं.

मी फोटो ‘कट’ न करता ‘कॉपी’ केले होते, म्हणून वाचलो. तुम्हीही आधी कॉपी करा, मग इजेक्ट करा, कार्ड पुन्हा लावून दोन-चार फोटो उघडून बघा आणि त्यानंतरच मूळ फोटो पुसा. दोन मिनिटं जास्त जातील, पण आजीला सगळी मुंज बघायला मिळेल.