वाइनची बाटली व शेतकऱ्याचें नांव

शेतीच्या मासिकांत वाइनच्या बाटलीची चर्चा कशास, असें कित्येक वाचक विचारतील. मद्याची भलावण करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु माल ज्या पात्रांत भरला जातो तें पात्र कोणाच्या हातीं आहे, यावर पिकविणाराची पत अवलंबून असते. आणि हें या बाटलीच्या इतिहासावरून उत्तम कळतें.

कांच फुंकून पात्रें करण्याची कला रोमन लोकांस सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं अवगत होती. जर्मनींत श्पायर येथें १८६७ सालीं सांपडलेली बाटली चवथ्या शतकांतील असून तींत अद्याप द्रव आहे. तथापि ती कांच नाजूक. व्यापार चाले तो मातीच्या रांजणांतून व लाकडी पिंपांतून. पुढें १६१५ सालीं इंग्लंडच्या राजानें आरमाराकरितां लाकूड राखावें म्हणून कांचेच्या भट्ट्यांत तें जाळण्यास मनाई केली. भट्टीवाले दगडी कोळशाकडे वळले. आंच वाढली व जाड, काळसर, मजबूत बाटली निघूं लागली. आरंभीं ती कांद्यासारखी फुगीर असे. अठराव्या शतकांत ती उभट व सरळ झाली. कारण आडवी ठेविली म्हणजे बूच ओलें राहतें व आंत हवा शिरत नाहीं.

परंतु तोंडानें फुंकलेल्या दोन बाटल्या सारख्या मापाच्या निघत नसत. यामुळें इंग्लंडांत भरलेली बाटली विकण्यास दीर्घकाळ मनाई होती. गिऱ्हाईक घरची बाटली नेई व दुकानदार पिंपांतून मापानें ओतून देई. १८२१ सालीं ब्रिस्टलच्या रिकेट्स यानें साच्याच्या बाटलीचें पेटंट घेतलें. १९०३ सालीं अमेरिकेंत ओवेन्स याचें स्वयंचलित यंत्र निघालें. आणि १९७९ पासून त्या देशानें जुन्या मापाच्या जागीं ७५० मिलिलिटरची बाटली कायद्यानें आणली.

माप ठरत आलें, तरी नांव बागाईतदाराचें होईना. फ्रान्सांतील बोर्दो प्रांतीं तो पिंपें विकून मोकळा होई. व्यापारी माल मुरवी व बाटल्या भरी. त्यांत हलका माल मिसळला तरी बदनामी बागेची! अखेर १९२४ सालीं मूतों येथील फिलिप द रोत्शिल्ड यांनीं सर्व माल आपल्या बागेवरच बाटलींत भरण्याचें ठरविलें.

आमच्याकडे गूळ, काकवी, मध, बेदाणा यांची बहुधा हीच स्थिति आहे: पिकवितो एक, भरतो दुसरा, शिक्का तिसऱ्याचा. आमचें स्पष्ट मत असें कीं, शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन पात्राचें एक माप ठरवावें, माल आपल्या गांवींच भरावा व त्यावर आपलें नांव घालावें. मात्र नांवाबरोबर जबाबदारीहि येते. वर चांगला माल व तळाशीं गाळ, असें भरणारे आमच्यांतहि आहेत, हें कटु सत्य आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. जो स्वतःचें माप राखीत नाहीं, त्यानें व्यापाऱ्याच्या काट्याविषयीं तक्रार कोणत्या तोंडानें करावी?