ठराव आणि तळे

२००५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या शिखर परिषदेत जगातील सत्ताधीशांनी मान्य केले की, वंशसंहारापासून प्रजेचे रक्षण करणे हे प्रत्येक राज्यसत्तेचे कर्तव्य असून तिने ते उघडपणे टाळल्यास जगाने गप्प बसू नये. ठराव निर्दोष आहे. परंतु नुसत्या ठरावाने माणसे वाचतात काय? याचे उत्तर महाडच्या चवदार तळ्याने फार पूर्वीच दिले आहे.

बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे अस्पृश्यांना खुले केले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत तो हक्क कागदावरच राहिला. त्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक ते पाणी प्याले. लगेच वीरेश्वराच्या देवळात शिरण्याची कंडी पिकली आणि जमावाने परिषदेच्या मंडपात घुसून निःशस्त्र प्रतिनिधींना झोडपले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला; सरकारी संरक्षण वेळेवर पोहोचले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले.

जगाची कहाणी वेगळी नाही. १९९४ साली रवांडात आकाशवाणीवरून द्वेष ओकला जात असताना सुरक्षा परिषदेने आपली शांतिसेना २७० वर आणण्याचे ठरविले. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. १९९५ साली स्रेब्रेनित्सा या घोषित ‘सुरक्षित क्षेत्रा’त सुमारे आठ हजार पुरुष व मुले कापली गेली. महाड आणि रवांडा यांच्या परिमाणात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. क्रम मात्र एकच. आधी अफवा, मग जमाव आणि शेवटी चौकशी.

यावर बडी राष्ट्रे फौजा पाठविण्याचा उपाय सुचवितात. २०११ साली लिबियात नागरिकांच्या रक्षणाचे निमित्त सत्तांतरासाठी कसे वापरले गेले, हे जगाने पाहिले. उलटपक्षी ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न’ ही ढालही तितकीच खोटी आहे. गावकीच्या नावाखाली बहिष्कार झाकणारी वृत्ती आणि सार्वभौमत्वाच्या नावाखाली कत्तल झाकणारी वृत्ती एकाच कुळातील होत. भारताने वंशसंहारविरोधी कराराला १९५९ साली मान्यता दिली, पण त्यासाठी स्वतंत्र कायदा अद्याप केलेला नाही.

खरे रक्षण रक्त सांडण्यापूर्वी जबाबदार माणूस ठरविण्यात आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे चौथे कलम कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षा सांगते. दर तीन महिन्यांनी जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दक्षता समितीची बैठक व्हावी, असा नियम आहे. २०१३ पासून उपविभागीय समितीचीही तरतूद झाली. पोलादपूरच्या डोंगरवाडीतल्या माणसाला अलिबाग गाठताना दिवस मोडतो. महाडची प्रांत कचेरी त्याच्या आवाक्यात आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी जगातील अन्यायाचा निषेध जरूर करावा. पण त्याबरोबरच प्रांत कचेरीत जाऊन विचारावे : शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कोठे आहे, धोक्याची सूचना कोणी कोणाला दिली? जो आपल्या तालुक्यात हे विचारीत नाही, त्याने सुरक्षा परिषदेला जाब विचारण्यात अर्थ नाही. २० मार्चला तळ्यावर फुले वाहणे सोपे आहे. उरलेल्या दिवसांचा पहारा कठीण आहे.