ओळख झाडांच्या कुळांची : चीक, भिंगरी आणि जोडशेंग



सोयरीक जुळवताना आपण घराणे विचारतो. झाडाच्या बाबतीत मात्र नुसत्या नावावर विसंबतो आणि तिथेच फसतो. चाफ्याचेच बघा. सोनचाफा, नागचाफा, हिरवा चाफा, भुईचाफा आणि देवळापुढचा खुरचाफा, नावाने सगळे भाऊ! पण हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा हळदीच्या, नागचाफा उंडीच्या आणि सोनचाफ्याचे घराणे आणखी वेगळे. खुरचाफा तर चक्क कण्हेरीचा भाऊबंद. या कण्हेर-कुळाचीच आज ओळख करून घेऊ. यात औषध आहे, फळ आहे, देवाचे फूल आहे आणि जीव घेणारे विषही आहे. म्हणून ही ओळख घरातल्या प्रत्येकाला हवी.

या कुळाच्या खुणा चार. पहिली खूण चीक. पान तोडले की देठातून पांढरा चीक येतो. कण्हेरीचा मात्र पातळ, पाण्यासारखा असतो. पण नुसत्या चिकावर निकाल देऊ नका. वड, उंबर, शेर, चिकू यांनाही चीक असतो आणि त्यांची कुळे निराळी. दुसरी खूण पानांची मांडणी. या कुळात पाने बहुधा समोरासमोर जोडीने येतात. कण्हेरीला एका पेरावर तीन, तर सातविणीला बहुधा सात पानांचा झुबका असतो. खुरचाफा आणि पिवळी बिट्टी मात्र अपवाद, त्यांची पाने एकाआड एक. तिसरी खूण फूल. खाली नळी, वर पाच पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीवर चढलेली. मुलांच्या कागदी भिंगरीसारखी. तगर, सदाफुली, खुरचाफा यांची फुले शेजारी ठेवा, लगेच पटेल. चौथी खूण फळ. पुष्कळ झाडांना एका फुलापासून दोन शेंगा जोडीने लागतात आणि त्या उकलल्या की रेशमी केसांचे बी वाऱ्यावर उडते. करवंदाला मात्र शेंग नाही, फळ असते. पण चीक आणि भिंगरी-फूल त्याचे घराणे सांगतात.

कण्हेरीला शास्त्रीय नाव लिनियस याने १७५३ साली दिले आणि कुळाची मांडणी ज्युसियू या फ्रेंच पंडिताने १७८९ साली केली. रुईचे कुळ जुन्या पुस्तकांत वेगळे दिसेल. ते १८१० मध्ये वेगळे काढले गेले होते, पण आता रुईसुद्धा याच कुळात धरतात. रुईची जोडफळे आणि त्यांतली उडणारी म्हातारी आठवा, म्हणजे कारण कळेल.

आता सगळ्यांत कामाची गोष्ट, कुड्याची. आव-अतिसारावर आयुर्वेदात कुटज सांगितला आहे, तो पांढरा कुडा. त्याचे बी म्हणजे कडू इंद्रजव. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा आहे काळा कुडा. त्याच्या बियांना गोड इंद्रजव म्हणतात. पांढऱ्याची साल म्हणून काळ्याची साल खपवली जाते आणि रोगी तसाच राहतो. त्यातून काळा, पांढरा, तांबडा ही नावे तालुक्या-तालुक्यात बदलतात. म्हणून नाव सोडा, खुणा धरा. पांढऱ्या कुड्याच्या दोन्ही शेंगा सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतात. पांढऱ्याच्या फुलाचा गळा मोकळा असतो, काळ्याच्या फुलात मध्ये झालर असते. काळ्याचा पाला सुकला की काळसर-निळा पडतो. त्यापासून पूर्वी निळा रंग काढीत. तरीही काळा कुडा टाकाऊ नव्हे. त्याच्या मऊ, पांढऱ्या लाकडाची कर्नाटकातली चन्नपट्टणची खेळणी प्रसिद्ध आहेत.

मात्र एक लक्षात ठेवा. साल खरी असली तरी मात्रा वैद्यानेच सांगावी. आणि लहान मूल जुलाबाने कोमेजले तर सालीच्या मागे न लागता मीठ-साखरेचे पाणी चालू करून दवाखाना गाठावा.

आता विषाकडे वळू. कण्हेर आणि पिवळी बिट्टी या दोन्हींचे मूळ, साल, पान, बी, सारेच विषारी. हे विष थेट हृदयावर काम करते. उलट्या होतात, नाडी मंद आणि अनियमित होते. बिट्टीच्या कोनेदार बियांनी मुले खेळतात. खेळता खेळता बी फोडून तोंडात घातले तर घात होतो. फळ हिरवे असते, पिकले की काळे पडते आणि मुलांना ते खाण्याजोगे वाटते. अशा वेळी मूल बरे दिसले तरी वाट पाहू नका, कारण हृदयावरचा परिणाम उशिरानेही दिसतो. घरगुती उपाय न करता तडक दवाखान्यात न्या आणि झाडाची डहाळी बरोबर घ्या. डॉक्टरांना ओळख लागलीच पटते.

जनावरांचेही तेच. कण्हेरीचा हिरवा पाला कडू म्हणून गुरे सहसा टाळतात. पण कुंपण छाटून फांद्या गोठ्याजवळ टाकल्या किंवा पाला कुट्टीत मिसळला, तर शेळी-गाय तो खाते. वाळलेल्या पाल्यातही विष टिकून राहते. म्हणून छाटणी झाली की सगळा पाला गोळा करून गुरांपासून लांब खड्ड्यात पुरावा. कण्हेरीची काटकी चुलीतही घालू नये, दूध घोटायला तर नाहीच नाही.

आणि हेच कुळ माणसाला तारतेही. सदाफुलीतून मिळणारी औषधे रक्ताच्या कर्करोगावर दवाखान्यात देतात. सर्पगंधेतून १९५२ साली वेगळे काढलेले द्रव्य रक्तदाबावर वापरात आले. पण म्हणून सदाफुलीची पाने घरी चावू नयेत. कारखान्यातून मोजून-मापून आलेले औषध वेगळे आणि कुंडीतला पाला वेगळा.

सुटीत मुलांना एक काम सांगा. जुन्या वहीत पान, फूल आणि शेंग वाळवून चिकटवावी. खाली गावातले नाव, जागा, महिना आणि चार खुणांपैकी कोणत्या जुळल्या ते लिहावे. कण्हेर-बिट्टीला हात लावला तर साबणाने धुवावा, आणि त्या पानावर लाल शाईने ‘विषारी’ लिहावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून नावे भरावीत. त्यांच्याबरोबर ही नावे गेली तर पुन्हा सापडायची नाहीत.